हिरवे दिवे पिसाळले!

"गेलं! पुन्हा गेलं!"

मावशी खुर्चीतून इतक्या जोरात उठली, की खुर्ची मागच्या मागे घरंगळत भिंतीवर आदळली. पाठोपाठ संगणक केंद्रातले सगळे फोन एकदम खणखणू लागले.

"हो, कळलंय. हो, ग्रंथालयाचंही गेलंय... हॅलो? हो हो, वसतिगृहाचंही!" मावशीच्या एका कानाला एक फोन, दुसऱ्या कानाला दुसरा. तिसरा टेबलावर नुसताच बोंबलत होता.

भिंगरीने टेबलावरून टुणकन उडी मारली. तिचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत निघायचं. पायाला भिंगरी लावल्यासारखी सतत फिरणारी, म्हणून घरीदारी ती भिंगरीच. सुट्टीत मावशीकडे यायचं, विद्यापीठाच्या आवाराला सायकलने फेऱ्या मारायच्या, मागची टेकडी चढायची, असे तिचे केवढे बेत होते! पण मावशी सकाळी केंद्रात शिरायची ती जेवायलासुद्धा घरी येत नव्हती. मग तिचा डबा घेऊन मुलांचीच वरात रोज केंद्रात यायची.

वरातीत तिघं. भिंगरी, मावशीचा मुलगा शंकासुर आणि शेजारची कासव. शंकासुराला प्रत्येक गोष्टीत शंका. कासवाला कशाचीच घाई नाही. ती आंबटगोड गोळीसुद्धा चावायची नाही, विरघळू द्यायची.

"आई," काचेपलीकडे बघत शंकासुर म्हणाला, "नेटवर्क बंद पडलं तर दिवे विझायला हवेत ना? हे तर जास्तच लुकलुकतायत!"

काचेपलीकडच्या थंडगार खोलीत लोखंडी मांडण्यांवर काळे खोके रचलेले होते. खोक्यांवर ओळीने इवलेसे हिरवे दिवे. एरवी ते आपापल्या लयीत लुकलुकायचे. आत्ता मात्र सगळे एकदम, एकाच धांदलीत उघडमीट करत होते.

"पिसाळलेत!" भिंगरी म्हणाली.

"अगदी बरोबर शब्द!" मावशीने फोन आपटला. "वर्गात बाई नसल्या की एक जण ओरडतो, 'गप्प बसा!' ते ऐकून दुसरा ओरडतो, 'गप्प बसा!' मग तिसरा, चौथा. शेवटी अख्खा वर्ग 'गप्प बसा' म्हणून बोंबलतो आणि कामाचं कुणालाच ऐकू येत नाही. तसं झालंय. एकच निरोप कुठेतरी गोल गोल फिरतोय आणि सगळे खोके तोच ओरडतायत."

"मग पहिला ओरडणारा शोध ना!"

"शोधतेच आहे, बाई! एकेका इमारतीची वायर काढून पाहिली. गोंगाट प्रशासन इमारतीतून येतो, तळमजल्यावरून. पण मी धावत तिथे पोचेपर्यंत..."

मावशीने बोट दाखवलं. दिवे पुन्हा शहाण्यासारखे आपापल्या लयीत लुकलुकू लागले होते. फोन गप्प झाले.

"...आपोआप ठीक!" मावशी मटकन बसली. तिच्या पायाशी एक पुठ्ठ्याचा खोका होता. त्यात तिचा कप, तिची हत्यारं आणि शंकासुराचा लहानपणीचा फोटो.

"हे काय गं?" भिंगरीने खोक्यात डोकावत विचारलं.

"आज दुपारी बैठक आहे. कुलगुरू मॅडम ठरवणार आहेत. उपकुलसचिव साहेबांचं म्हणणं, की नेटवर्क माझ्या चुकीने पडतं; म्हणून हे केंद्र बाहेरच्या कंपनीला द्यावं आणि मला दूरच्या शाखेत पाठवावं."

"म्हणजे घर, शाळा, सगळं सोडायचं?" शंकासुराचा आवाज चिरकला.

मावशीने नुसता डबा उघडला आणि पुन्हा बंद केला.

भिंगरीला बसवेना. "चला!" ती दाराकडे निघालीसुद्धा. "चोर प्रशासन इमारतीत आहे!"

"चोर आहे कशावरून?" शंकासुर मागून धावला.

"आधी चल, मग विचार!"

प्रशासन इमारतीचा तळमजला म्हणजे एक लांबलचक बोळ. दोन्ही बाजूंना दारं, मधे एक बाक. बोळाच्या टोकाशी एक चकचकीत माणूस उभा होता. चकचकीत बूट, चकचकीत बॅग, केससुद्धा चकचकीत. बॅगेवर कंपनीचं मोठ्ठं नाव. म्हणजे बाहेरच्या कंपनीचा प्रतिनिधी!

"हाच तो!" भिंगरी कुजबुजली. "नेटवर्क पाडायचं आणि मग काम मिळवायचं! मी जाते मागावर."

"अगं, पण..." कासवाने तोंड उघडेपर्यंत भिंगरी पसार झाली होती.

ती चकचकीत माणसामागे जिना चढली, जिना उतरली, बागेला वळसा घालून उपाहारगृहात शिरली. तो एका टेबलाशी बसून चहा पिऊ लागला. भिंगरी खांबाआडून टक लावून बघत राहिली. एवढ्यात भोवतालचे लोक वैतागून फोन हलवू लागले. "गेलं वाटतं परत!" चकचकीत माणूस मात्र बशीत सांडलेला चहा निवांत कपात ओतत होता.

भिंगरीचा चेहरा पडला. वायर ना यंत्र, हा तर नुसता चहा पितोय! ती घामाघूम होऊन बोळात परतली. कासव बाकावर तशीच बसलेली. मांडीवर चित्रकलेची वही, तोंडात गोळी.

"सापडला चोर?" शंकासुराने विचारलं.

"खिजवू नकोस! त्याने काही केलं नाही. मी उगाच उन्हात वणवण केली. आणि तुम्ही इथे मजेत?"

"मजेत नाही," कासव सावकाश म्हणाली. "बघत होते. आत्ता गेलं ना, त्याच्या जरा आधी इस्त्रीसाहेब समोरच्या समितीकक्षातून बाहेर आले. हात झटकत."

उपकुलसचिवांना सगळी पोरं इस्त्रीसाहेब म्हणत. त्यांच्या कपड्यांनाच काय, बोलण्यालाही इस्त्री असायची. वाटेतली वाकडी पायपुसणी ते बुटाने सरळ करत आणि भिंतीवरच्या तसबिरी बोटाने.

"साहेब? ते कशाला स्वतःच्याच कचेरीचं नेटवर्क पाडतील?"

"ते मला माहीत नाही. थांब, दुसरा अर्धा भाग बघू. परत कधी येतं ते."

थांब! भिंगरीला जगात सगळ्यात नावडता शब्द! ती बाकावर बसली, उठली, पुन्हा बसली, बुटाची नाडी सोडून बांधली, पुन्हा सोडली. शेवटी एक प्राध्यापक लॅपटॉप बगलेत मारून समितीकक्षात शिरले. थोड्याच वेळात बोळातल्या खोल्यांतून आवाज आले, "आलं, आलं!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

प्राध्यापक काम उरकून बाहेर पडले आणि मुलं आत घुसली. मोठं लांबट टेबल, रांगेत खुर्च्या. टेबलाखाली धुळीने माखलेला एक छोटा खोका! त्यावर वायरींसाठी भोकं आणि तेच हिरवे दिवे. एक वायर भिंतीत गेलेली. दुसरी, निळी, एका टोकाने खोक्यात खोचलेली. तिचं दुसरं टोक जमिनीवर लोंबत होतं.

"लॅपटॉपला लावायची वायर," शंकासुर म्हणाला. "काम झालं, काढून टाकली, निघून गेले."

"आणि मग इस्त्रीसाहेब येतात!" भिंगरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "त्यांना लोंबणारी वायर खपेल? खोक्यात रिकामं भोक दिसतंय..."

"दिली खोचून!" कासव म्हणाली. "वायरीची दोन्ही टोकं एकाच खोक्यात. निरोप इथून बाहेर पडतो आणि इथूनच आत येतो. गोल गोल. कुणी लॅपटॉपला लावायला ते टोक उपसलं, की पुन्हा ठीक."

"कशावरून?" शंकासुर हटेना. "सिद्ध कर! वायर लपवून ठेवू. साहेब येऊन गेले आणि काहीच झालं नाही, तर मानेन."

त्यांनी निळं टोक टेबलाच्या पायामागे सारलं. इस्त्रीसाहेब बैठकीची तयारी बघायला आले, खुर्च्या सरळ करून गेले. नेटवर्क ठणठणीत! शंकासुराने कान पकडले. "मानलं!"

तिघं धावत केंद्रात पोचली. मावशीने सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"माझ्या नकाशात त्या खोलीत खोका नाहीच! साहेबांच्या कचेरीने परस्पर आणून लावला असणार. थांबा, काढूनच टाकते."

"नको, आई!" शंकासुर ओरडला. "तू गुपचूप काढलास तर बंद पडायचं थांबेल. पण तुझी चूक नव्हती हे कुणाला कळणार? आपल्याला गाव सोडून जावंच लागेल! त्यापेक्षा बैठकीत सगळ्यांसमोरच बंद पाडून दाखवू या!"

"म्हणजे मी जाणूनबुजून नेटवर्क पाडू? परीक्षा विभागात निकालाचं काम चालू आहे, राजा. माझी नोकरी वाचावी म्हणून मी त्यांचं काम बुडवायचं नाही."

भिंगरी खोलीत येरझारा घालत होती. अचानक थांबली. "मावशी, मग त्यांना विचार ना! थोडा वेळ मागून घे."

मावशीने तिच्याकडे पाहिलं आणि फोन उचलला. परीक्षा विभागाच्या बाई चांगल्या होत्या. "जेवायच्या सुट्टीत करा काय ती तपासणी," त्या म्हणाल्या. "सुट्टी संपली की मात्र हात लावायचा नाही!" बैठकही नेमकी त्याच सुमाराला होती.

"वायर तुम्ही लावायची नाही," मावशीने बजावलं. "टोक पायामागून काढा आणि आधी लोंबत होतं तसं लोंबू द्या. मी इथून हलू शकत नाही. आणि भिंगरे, मोठ्यांशी नीट बोल!"

मुलांनी निळं टोक पुन्हा बाहेर लोंबतं सोडलं. समितीकक्षाला लागून चहाची छोटी खोली होती. तिघं तिच्या दाराच्या फटीला डोळे लावून उभी राहिली. भिंगरीच्या पायांना मुंग्या आल्या. नाक खाजलं. कासवाने तिचा हात घट्ट धरून ठेवला.

इस्त्रीसाहेब सगळ्यांच्या आधी आले. लोंबणारी निळी वायर त्यांच्या नजरेला पडली.

"छे छे छे! काय ही बेशिस्त!" ते वाकले. टक्! वायर खोक्यात गेली. साहेबांनी हात झटकले.

मग कुलगुरू मॅडम आल्या, चार-पाच प्राध्यापक आले, चकचकीत माणूस आला. त्याने पडद्यावर कंपनीची माहिती उघडायला घेतली. पडद्यावर एक गोल चक्र फिरू लागलं. फिरतंय, फिरतंय...

"पाहिलंत, मॅडम?" इस्त्रीसाहेब जवळजवळ खूश झाले. "ऐन बैठकीत! आता आणखी कसला पुरावा हवा?"

"हा!" भिंगरी दार ढकलून थेट आत! ती स्वतःच दचकली. सगळे तिच्याकडे बघत होते. मावशीचा तो पुठ्ठ्याचा खोका तिच्या डोळ्यांसमोर आला आणि ती म्हणाली, "माफ करा. फक्त एक मिनिट. ही वायर काढून बघू का?"

"ए पोरी! कोण तू? बाहेर हो!"

"थांबा हो," मॅडम म्हणाल्या. "काढ बरं."

भिंगरीने निळं टोक उपसलं. क्षणभर काहीच नाही. आणि मग पडद्यावर कंपनीची माहिती झळकली!

"योगायोग!" साहेब म्हणाले.

"मलाही तसंच वाटायचं!" शंकासुर मागून आला. "म्हणून पुन्हा लावून बघा. तुम्हीच लावा, साहेब. मघाशी लावलीत तशी."

साहेबांनी लावली. चक्र फिरू लागलं. काढली. पडदा उजळला. साहेबांच्या चेहऱ्यावरची इस्त्री हळूहळू मोडत चालली.

"बघू, मला करू द्या," म्हणत कुलगुरू मॅडम चक्क टेबलाखाली वाकल्या. टक्! गेलं. टक्! आलं. "अरे वा!" टक्! गेलं. टक्! आलं. मॅडम लहान मुलीसारख्या रंगून गेल्या. तेवढ्यात कोपऱ्यातला फोन खणाणला. कासवाने सावकाश जाऊन उचलला.

"कोण आहे तिथे?" मावशीचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू गेला. "पुरे झालं म्हणावं! सुट्टी संपली! परीक्षा विभाग रडकुंडीला आलाय! कोण इतका वेळ खेळतंय वायरीशी?"

"कुलगुरू," कासव म्हणाली.

पलीकडे फोन दाणकन खाली ठेवला गेला. मग खोलीत जो हशा पिकला, त्यात मॅडमच सगळ्यात मोठ्याने हसत होत्या.

मावशी धापा टाकत आली तेव्हा इस्त्रीसाहेब उभेच होते.

"हा खोका माझ्याच कचेरीने आणला," ते खाली बघत म्हणाले. "केंद्राला कळवलं नाही. आणि वायर... मी नीटनेटकं करत होतो. तुम्हाला उगाच बोल लावला. माझं चुकलं."

"थोडं माझंही चुकलं, साहेब," मावशी म्हणाली. "मी नकाशावर विसंबून राहिले. खोल्याखोल्यांतून फिरून बघायला हवं होतं."

"ते काम या तिघांनी केलं," मॅडम म्हणाल्या. "एक धावली, एकाने शंका काढल्या, एक शांतपणे बघत बसली. माझ्या समित्यांत अशी तिघं एकत्र कधी भेटली नाहीत! शाबास, पोरांनो!" मग त्या चकचकीत माणसाकडे वळल्या. "तुम्ही चहा घेऊन जा. केंद्र आहे तिथेच राहील, आणि या बाईही."

शंकासुराने सगळ्यांसमोर आईला मिठी मारली आणि नाक तिच्या ओढणीलाच पुसलं. मावशी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

कोपऱ्यातला फोन पुन्हा वाजला. या वेळी मावशीनेच तो उचलला. "काय? छपाईयंत्रातून धूर? आधी बटण बंद करा! आले, आले!"

फोन ठेवून ती दाराकडे धावली. उंबऱ्यावर थबकून मागे वळली.

"बघत काय उभे राहिलात? चला की!"