‘जानकी’चा दोर

“उचल ही पेज! तुझ्या हाताक कुजक्या सोडणांचो वास मारता... माझ्या घशाखाली उतराची नाय!”

गंगाराम तांडेलांनी वाडगा हाताने दूर लोटला, पेज सारवलेल्या जमिनीवर सांडली, आणि त्यांची सून सुभद्रा हिच्या काळजात जणू तप्त शलाका शिरली! तिने पदराने डोळे टिपले व मुकाट्याने जमीन पुसून घेतली. आज कित्येक महिने हे असेच चालले होते...

गोव्याची सरहद्द बंद झाली, तेव्हापासून तोंडवलीच्या खाडीतील गलबते दावणीच्या म्हाताऱ्या गुरांप्रमाणे निश्चेष्ट पडून होती. मालाची ने-आण थांबली, खलाशांच्या घरच्या चुली थंडावल्या, कर्ते पुरुष मुंबईस गेले. सुभद्रेचा पती सत्यवान हाही तेथील गोदीत कामासाठी वणवण हिंडत होता. अशा त्या घोर मंदीच्या काळात सुभद्रेने शेजारच्या बिबीजानला हाताशी धरले, आणि खाडीकाठच्या हिंदू-मुसलमान बायकांना गोळा करून ती म्हणाली, “नारळाची सोडणां आमी चुलीत घालतो. तीच चिखलात पुरूया, कुजली की बडवूया, आणि काथ्याचे दोर वळूया. जा काय मिळात, ता सगळ्यांनी वाटून खावया!” आणि त्या अबलांनी कमरभर चिखलात उभे राहून ते खरे करून दाखविले! परंतु गलबत हाकणाऱ्या तांडेलाच्या सुनेने त्या दुर्गंधीत उतरावे, हा कलंक गंगारामांच्या मानी अंतःकरणास सहन झाला नाही. त्या दिवसापासून ते स्वतःची पेज स्वतः शिजवू लागले. सुभद्रा मात्र रोज वाडगा पुढे ठेवीत असे, आणि रोज तो परत येत असे.

आज मात्र तिला रडण्यासही सवड नव्हती. होड्यांचे सामान विकणारे वेंगुर्ल्याचे मुनव्वर शेठ दोर पाहण्यास घरापुढच्या खळ्यात आले होते. त्यांनी माल घेतला, तर वाडी जगणार होती. नाहीतर उद्यापासून बायका वाट फुटेल तिकडे जाणार होत्या. बिबीजानने तर आपल्या कोवळ्या शमीमला मुंबईस परक्याची भांडी घासावयास धाडण्याचे ठरविले होते!

शेठांनी दोर पायाखाली धरून ताणला, हुंगला, आणि खाली टाकला.

“दिसता बरो. पण बायलमाणसांनी वळलेल्या दोराक होडी कोण बांधतलो?”

“शेठ, तुमच्या घरातलो पाळणो कोणी बांधल्यान?” बिबीजान फणकारली. “बायलमाणसानच मां?”

“पाळण्यात तुफान येणा नाय, बिबीजान!”

“येता तर! तुमका काय म्हायत? तुमी तेव्हा घोरत असतास!”

सारे हसले. शेठही हसले, परंतु लगेच गंभीर होऊन ते ओसरीवर बसलेल्या गंगारामांकडे वळले. “तांडेलानू, राग मानू नकात. एका तरी तांडेलान आपला गलबत ह्या दोरार सोडल्यान, तर मी सगळो माल उचलतंय. तुमीच सांगा, सोडशात?”

सुभद्रेने श्वास रोखला. ज्यांचा शब्द साऱ्या किनाऱ्यावर प्रमाण, त्यांच्या मुखातून एकच शब्द... एकच! परंतु तांडेलांनी मान फिरविली. ते उठले, खुंटीवरची घोंगडी त्यांनी खांद्यावर टाकली, आणि “मी आजपासून गलबतार रवतंय,” एवढे म्हणून ते खाडीकडे चालते झाले.

‘जानकी’ हे त्यांचे गलबत. दिवंगत पत्नीचे नाव त्यांनी त्यास दिले होते. तिच्या मागे वाडीत त्यांचे जिव्हाळ्याचे असे तेवढेच उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभद्रा उठून पाहते, तो खळ्यातला सर्वांत जाड दोर नाहीसा झालेला! तिच्या सहनशीलतेचा बांध फुटला.

“आबांनीच न्हेलो! खाडयेत बुडवलो असतलो!” ती बिबीजानच्या गळ्यात पडून आक्रंदली. “माझो राग माझ्यार काढूचो हुतो गो... सगळ्या वाडीच्या पोटार पाय कित्याक दिलो?”

दुपार होते न होते तोच आकाश काजळीसारखे काळवंडले. कार्तिकातले ते अवकाळी तुफान! माड धनुष्यासारखे वाकू लागले, घरांवरची कौले पानांसारखी उडाली. इतक्यात किनाऱ्याकडे गेलेली बिबीजान धापा टाकीत परतली.

“सुभद्रे, धाव! तुझो दोर खाडयेत नाय गो... ‘जानकी’क आसा!”

सुभद्रा अनवाणी धावत सुटली. किनाऱ्यावर सारी वाडी लोटली होती. काल वाडीतच मुक्कामास राहिलेले आणि आता तुफानामुळे अडकलेले मुनव्वर शेठही तेथेच उभे होते. काठावरच्या दगडी खांबापासून ‘जानकी’च्या पुढच्या टोकाच्या, नाळेवरील लाकडी खुंटापर्यंत तिचाच दोर ताणला गेला होता! आणि त्या थरथरत्या गलबतावर, भिजून चिंब झालेले, तिचे वृद्ध श्वशुर एकटे उभे होते...

“आबानू, उतरा!” ती जिवाच्या आकांताने ओरडली. “माका दोर विकूचो नाय! माका तुमी होये!”

वाऱ्यातून खणखणीत उत्तर आले, “दोर तूच वळलस मां? मगे भियातस कित्याक?”

त्याच क्षणी कडाड् असा आवाज झाला! बायकांनी डोळे मिटले. तुटला... अरेरे, तुटला! असेच प्रत्येकीला वाटले. परंतु नाही! दोर तुटला नव्हता. गलबताचा खुंटच मुळासकट उपटून आला होता! पाहता पाहता ‘जानकी’ गर्रकन फिरली आणि खाडीच्या मुखाशी खडकांवर आदळून तिच्या फळ्या दाही दिशांना झाल्या. लाटांत एक पांढरे मस्तक तेवढे दिसत होते. दंडाला दोराचा वेढा घालून तांडेल त्यास चिकटून राहिले होते!

“ओढा गो, ओढा!” सुभद्रा ओरडली.

चिखलात सडणारे, काथ्याने सोललेले ते सारे हात एकाच दोरावर पडले. बिबीजान, शमीम, वाडीतली प्रत्येक बाई... आणि सर्वांच्या पुढे सुभद्रा! त्यांनीच वळलेल्या दोराने त्यांनी त्या वृद्ध जीवास मृत्यूच्या जबड्यातून काठावर ओढून आणले.

दोराच्या फासात तो खुंट अजून तसाच अडकलेला होता. आतून काळाठिक्कर, कुजलेला.

“माका म्हायत हुता...” धाप आवरीत तांडेल म्हणाले. “खुंट कुजलेलो हुतो. पण दोर... दोर तुटूक नाय.”

“तांडेलानू, गलबत गेला तुमचा!” शेठ पुढे येऊन म्हणाले.

“गलबत म्हातारा झाला हुता, शेठ. ता सोडा. माल कधी उचलतास, ता बोला.”

“तुफान शमला काय उचलतंय. सगळो!” शेठ म्हणाले, आणि त्यांनी डोकीची टोपी काढून हातात घेतली.

सुभद्रा श्वशुरांच्या पायांवर कोसळली. “आबानू, मी तुमच्या पाठसून नाय नाय ता बोललंय...”

“आणि मी? मी रोज तुझी पेज लोटलंय गो.” त्या कठोर डोळ्यांतून आज प्रथमच अश्रू ओघळत होते. “सुभद्रे... घरात पेज आसा काय?”

ती धावत गेली आणि वाडगा घेऊन आली. परंतु तांडेलांच्या मुठी दोरावर अशा जखडून गेल्या होत्या की, बोटे काही केल्या उघडेनात. तेव्हा सोडणांचा वास लागलेल्या आपल्या त्याच हाताने सुभद्रेने पेजेचा पहिला घोट त्यांच्या ओठांशी नेला, आणि त्यांनी तो तोंड न फिरवता घेतला.