पुसलेला इशारा

एप्रिलातली रणरणती दुपार. घणसोलीच्या मोफत वाचनालयाकडे अशा वेळी कोण फिरकणार? ग्रंथपाल सुधीर ओट्यावरच्या फळ्यावर वर्तमानपत्रातलं हवामान उतरवत होता. तेवढ्यात मागे माठाचं झाकण वाजलं.

वळून पाहिलं तर एक मुलगी ओगराळ्याची धार वरून तोंडात धरून पाणी पीत होती. घोट्यांपर्यंत मीठ सुकलेलं, जणू चांदीचे तोडे. सुधीरने घाईने नजर पुन्हा फळ्याकडे वळवली.

"काय लिवताय मास्तर?"

"यंदाच्या उन्हाळ्याचा अंदाज. सगळ्या देशाचा. पारा नेहमीपेक्षा चढा राहील... आणि मे महिन्यात आपल्या किनाऱ्यावर मोठ्या वादळांची शक्यता आहे."

"शक्यता म्हंजे? येनार का नाय येनार?"

"तसं नक्की... सांगता येत नाही."

"मंग गावाला भ्या कशाला दाखवता?" ती हसली, पदराने तोंड पुसलं आणि उन्हात निघून गेली.

तिचं नाव पुतळा. खाडीकडेला मिठागर राखणाऱ्या गोटीरामची चौथीपर्यंत शिकलेली लेक. मिठागराची वाट वाचनालयावरूनच जायची, त्यामुळे रोज फळा वाचणं आणि मास्तरांना चिडवणं हा तिचा नेम झाला.

"आज बी वादळ? काल तर आभाळ घासल्या ताटावानी होतं."

"कालचं टळलं म्हणून आज..."

"तुमी हसता कवा हो, मास्तर?"

यावर सुधीरला ती वळणाआड गेल्यावर चार उत्तरं सुचायची. भीतीचं कारणही त्याने तिला सांगितलं नव्हतं. लहानपणी, देवगडकडच्या उघड्या कातळी सड्यावर, त्याच्या डोळ्यांदेखत काकांवर वीज पडली होती. मिठागर तसंच उघडं. ना झाड, ना घर. तिथे सगळ्यांत उंच काय, तर फावडं घेऊन उभं राहिलेलं माणूस. म्हणून रेडिओवर विजेचा नुसता उल्लेख आला, तरी तो फळ्यावर इशारा लिहायचाच.

मेच्या पहिल्या आठवड्यात त्याचा इशारा वाचून निम्मे मजूर घरीच राहिले. वाऱ्याची झुळूकसुद्धा आली नाही. त्या दिवशी पुतळा हसली नाही.

"मास्तर, आमच्याकडं एकदा मिठाची रास पेंढ्यानं झाकली की हंगाम संपला. परत फावडं लावायचं नाय, अशी रीत हाय. बाबा काल पेंढा टाकायलाच निघाला होता, मी आडवी आले. तुमच्या भ्यानं आमी किती भ्यायचं?"

तिच्या आवाजातला थकवा सुधीरला दोन दिवस पुरला.

तिसऱ्या संध्याकाळी रेडिओवर पुन्हा तेच आलं: उत्तर कोकणात उद्या दुपारी विजांसह जोरदार वादळाची शक्यता. त्याने खडू घेतला, लिहिलं. मग तिचा चेहरा आठवला... आणि त्याने सगळं पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तीनच्या सुमारास पारसिकच्या डोंगरामागून आभाळ काळंनिळं चढलं. वारा थांबला. वाचनालयाचं दार उघडंच टाकून सुधीर पळत सुटला.

मिठागराच्या बांधावर पोहोचेतो धुळीने डोळे भरले होते. एक वीज खाडीपलीकडे उतरली. दुसरी अलीकडे. समोर रास दिसली... पेंढ्याने झाकलेली, दोरांनी आवळलेली. माणूस मात्र एकही नाही.

"पुतळा!" त्याचा आवाज वाऱ्याने गिळला. काकांचा जळका सदरा डोळ्यांपुढून हलेना.

"मास्तर, खाली वाका... वाका आधी!"

राखणदाराच्या दगडी खोलीतून ती धावत आली, त्याचा दंड धरून त्याला वाकवत आत घेऊन गेली. दार लागलं आणि मागे बांधावर कानठळ्या बसवणारा कडकडाट झाला. आत गोटीराम आणि सगळे मजूर दाटीवाटीने बसले होते.

"उघड्या बांधावर उभं ऱ्हानारे तेवढे तुमीच," ती धापा टाकत म्हणाली. "दुनियेला सांगता, आन् स्वतः?"

"मी इशारा पुसला होता... मला वाटलं, तू..." आजवरचं त्याचं अहोजाहो कुठल्या कुठे गेलं होतं.

"पुसलात तरी वाचला. 'वादळ' लिवताना तुमी खडू इतका दाबता, फळ्यावर ओरखडा ऱ्हातो. सकाळी बोट फिरवून बघितलं."

"पण माझ्यावर विश्वास..."

"रोज लिवून ठेवता, तवा भ्या नाय वाटलं. मास्तर पुसतायत, म्हंजे आज त्यांना वादळापरीस माझीच जास्त भीती वाटली. माझ्यापायी खरा इशारा पुसला गेला तर? मंग मात्र भ्याले. बाबाला म्हनलं, झाका रास."

कोपऱ्यात गोटीराम उगाचच मोठ्याने खोकला आणि छपराकडे पाहू लागला.

बाहेर गारा तडतडत होत्या. सुधीरला आता निराळीच भीती घेरू लागली. रास झाकली. हंगाम संपला. उद्यापासून त्या वाटेने कुणी येणार नव्हतं.

"आता... माठावर पाणी प्यायला कोण येणार?" तो कसंबसं पुटपुटला.

"असं विचारायला भ्या वाटतं?"

"फार."

"कशाचं?"

"तू नाही म्हणशील त्याचं."

तिने त्याच्या बाहीवरचा पेंढा काढला, बोटांत थोडा वेळ चुरगाळला.

"शक्यता नाय," ती हळूच म्हणाली. मग खोकणाऱ्या बापाकडे डोळ्यांनीच खूण करत म्हणाली, "पाऊस लागायच्या आत घरी या. बाबाला विचारा. आन् हे बघा मास्तर... अंदाज बघत बसू नका."