दगड मी आणतो

"लगोरी!"

"सतोलिया!"

"अगं, चपटे दगड एकावर एक रचायचे आणि चेंडूनं पाडायचे, त्याला लगोरीच म्हणतात!" राजरत्न हट्ट सोडेना.

"जयपूर में आये हो, तो सतोलिया बोलो!" सोनमनं त्याला टपली मारली.

उत्कर्षा पोट धरून हसत होती. मे महिन्याची सुट्टी होती. दुर्गापुऱ्याजवळच्या रेल्वे कॉलनीमागं मोठं मैदान होतं आणि उद्या संध्याकाळी तिथं कॉलनी विरुद्ध गल्ली असा सामना ठरला होता. राजरत्नच्या आईची यंदाच भुसावळहून बदली झाली होती. उत्कर्षा मात्र इथंच वाढलेली. सोनम मैदानापलीकडच्या गल्लीत राहायची. ती उत्कर्षाची जिवाभावाची मैत्रीण.

मोठ्यांचं मात्र होळीपासून फाटलं होतं. गाडी कुठं लावायची यावरून सुरू झालेलं भांडण आता 'ते गल्लीवाले' आणि 'ये बाहरवाले' इथवर आलं होतं. उत्कर्षाचे बाबा तर गल्लीचं नाव निघालं की जेवणावरून उठायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनम आलीच नाही. गल्लीतल्या एका गच्चीवर दोन माणसं विटा रचत होती. तिसऱ्याच्या हातात हॉकी स्टिक होती.

"गल्लीत हॉकी कोण खेळतं गं?" राजरत्ननं विचारलं.

"कोणीच नाही!" उत्कर्षा म्हणाली. तिला ते काही बरं वाटलं नाही.

घरी आली तर बाबा मच्छरदाणीचे बांबू सोडवत होते.

"बाबा, एवढे मोठे डास आलेत?"

"उत्कर्षा, आत जा. आणि आज संध्याकाळी बाहेर पडायचं नाही."

"पण झालंय काय?"

"ते लोक लाठ्या गोळा करतायत. फोटो आलाय. आम्ही काय हातावर हात ठेवून बसायचं?"

मागच्या दारानं उत्कर्षा आणि राजरत्न निसटले ते थेट सोनमच्या खिडकीखाली. सोनमचे डोळे रडून लाल झाले होते.

"अब क्यों आयी? शाम को तो हमें मारनेवाले हो ना!"

"आम्ही? मारणार?"

सोनमनं वडिलांचा फोन खिडकीच्या गजांतून पुढं धरला. तिच्याकडं स्वतःचा फोन नव्हता, म्हणून सामन्याचा निरोप राजरत्ननं काल तिच्या वडिलांच्या, म्हणजे प्रकाशजींच्या, नंबरवर पाठवला होता: 'उद्या पाचला मैदानावर सगळे या. दगड मी आणतो. खूप दंगा करू!'

त्याखाली प्रकाशजींनी हिंदीत लिहिलं होतं, 'कॉलनीवाले हमला करेंगे. तैयार रहो,' आणि तसंच सगळीकडं धाडलं होतं.

"अगं, पण आई मला रोज ओरडते, दंगा करू नकोस!" राजरत्न रडकुंडीला आला. "दंगा म्हणजे धिंगाणा! आरडाओरडा!"

"हिंदीत दंगा म्हणजे दंगल रे," उत्कर्षा हळूच म्हणाली. "दगडफेक. जाळपोळ."

"मतलब... तू सतोलिया के पत्थर लानेवाला था?" सोनमनं कपाळावर हात मारला.

रहस्य उलगडलं होतं. आता फक्त मोठ्यांना सांगायचं, की झालं! उत्कर्षाला तेव्हा खरंच तसं वाटलं.

प्रकाशजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्हें सिखाकर भेजा है." बाबा म्हणाले, "शब्द चुकला असेल, पण लाठ्या तर खऱ्या आहेत ना?" राजरत्ननं आईच्या फोनवरून कॉलनीच्या ग्रुपवर खुलासा टाकला. सोनमच्या खिडकीशी तिघं टक लावून बघत बसले. कितीतरी जणांनी वाचला. एका काकांनी नुसतं अंगठ्याचं चित्र टाकलं. पुढं कोणीच पाठवला नाही! पहिला निरोप मात्र फिरून परत आला, तेव्हा त्याला शेपूट फुटलं होतं: 'बाहेरून ट्रक भरून माणसं येणार.'

"आता याला कसं पकडायचं?" राजरत्न म्हणाला. एवढं लहान आपण कधीच नव्हतो, असं उत्कर्षाला वाटलं.

शेवटी सोनमच म्हणाली, "वो सब मैदान में ही आयेंगे ना? तो पहले हम चलते हैं. बच्चों को बुलाओ. दोनों तरफ के."

पक्ष्यांसाठी टांगलेल्या परिंड्यात पाणी घालून येते, असं आईला सांगून सोनम निसटली. कोणी दूध आणायला, कोणी चेंडू शोधायला म्हणून बाहेर पडलं. उन्हं कलायच्या आत मैदानाच्या मधोमध दगडांचा मनोरा उभा राहिला आणि पोरांनी आभाळ डोक्यावर घेतलं.

मग ते आले. इकडून बांबू, तिकडून हॉकी स्टिका. पोरं थबकली. उत्कर्षा ओरडली, "खेळा! कोणी थांबू नका!"

"सोनम, इधर आ!" प्रकाशजी गरजले.

"नहीं पापा! मेरी टीम है!" तिनं राजरत्नचा हात घट्ट धरला.

गर्दीत पुढं यायला कोणालाच वाट नव्हती. जिथं बघावं तिथं कोणाचं तरी पोर होतं. राजरत्न कापऱ्या आवाजात म्हणाला, "अंकल, वो मेसेज मेरा है. दगड मतलब ये. दंगा मतलब... हे, जो हम कर रहे हैं."

प्रकाशजींनी दगडांच्या मनोऱ्याकडं पाहिलं. मग फोनकडं. मग पुन्हा दगडांकडं.

"ये सतोलिया है?"

"लगोरी," राजरत्ननं सवयीनं दुरुस्त केलं.

कोणीतरी फिसकन हसलं. हॉकी स्टिक खाली झाली, मग बांबूही खाली आले. प्रकाशजींनी डोळे पुसले. "शाबास, बच्चों! हमसे बडी गलती होने जा रही थी." बाबाही पुढं आले आणि उत्कर्षाच्या पाठीवर हात ठेवत म्हणाले, "शूर आहेत आमची पोरं! आज सगळ्यांना वाचवलंत!"

टाळ्या वाजल्या. उत्कर्षाला मात्र हसू येईना.

"बाबा, तो मेसेज खरा असता तर?"

"म्हणजे?"

"तर तुम्ही सोनमच्या पप्पांना मारलं असतं?"

बाबांनी प्रकाशजींकडं बघितलं.

"माहीत नाही गं," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच त्यांनी तिच्यापासून काही लपवलं नाही.