चावडीवरच्या रेडिओची वही

आधी ती बिडी इझव, सिद्धू. आन् मधी तोंड घालायचं न्हाई. खोटं वाटलं तर सकाळी याकूबभाईला जाऊन इचारा. अजून हाय त्यो, मुलाण्याच्या आळीत.

तीन वर्सं झाली. सेहेचाळीस साल, मार्गशीर्षातल्या अवसंची आदली रात. त्या दिशी याकूबभाई रेडिओची बॅटरी भरून आणायला सायकलवरनं कराडला गेला व्हता. तवा आपल्या चावडीवर सरकारी रेडिओ व्हता, साऱ्या गावाचा. याकूबभाई त्यो संभाळायचा. बाजारभाव, पिकापाण्याचं, बातम्या, समदं मराठीत, आन् ऐकायला कुणाला आडकाठी न्हाई. लढाई चालू व्हती तवर पलटणीतल्या पोरांचं निरोप बी सांगायचं. अमक्या गावचा अमका खुशाल हाय. तवा चावडीत पाय ठेवाय जागा नसायची. लढाई सरली, पोरं घरला आली, आन् माणसं फिरकंनात. रंगूआक्का तेवढी रोज यायची. तिचा जोतिबा ब्रह्मदेशात बेपत्ता झाल्याला. आज तरी त्याचं नाव घेत्याल म्हणून दाराशी बसायची.

कराडात रेडिओच्या कचेरीतल्या कारकुनानं याकूबभाईला सांगितलं, "उद्या साहेब वही बघाय येणार. आज राती वीस माणसं भरली तर रेडिओ ऱ्हाईल. न्हाईतर खोकं उचलणार."

वही म्हंजी काय, तर ऐकाय येईल त्यानं उंबऱ्यापाशी अंगठा उठवायचा. अशी रीत व्हती.

दिवस बुडता याकूबभाई परतला आन् गावभर हिंडला. कोण भेटतंय? सारं गाव शेजारच्या वाडीला तमाशाला गेल्यालं. दात काय काढताय? तुमचं बाप बी तितंच व्हतं.

आठ वाजता चावडीत ही दोघंच. याकूबभाई आन् रंगूआक्का.

"माझाच अंगठा लाव की रं वीस येळा," आक्का म्हणाली.

"सरकारी वही हाय, आक्का. लबाडी न्हाई जमायची."

"मग उद्यापास्नं माझ्या जोतीचं नाव मला कोण सांगल?"

याकूबभाईनं तिचा एक अंगठा घेतला, वही आन् कंदील उंबऱ्यापाशी ठेवला, रेडिओ लावला. बॅटरीची तार ढिली झाल्याली, ती हातानं धरून ठेवावी लागायची. म्हणून दाराकडं पाठ करून बसला. मागनं कवातरी मला म्हणाला, "रडू आलं न्हाई, राग आला न्हाई. अंग नुसतं बधिर झालं व्हतं."

बातम्या लागल्या. मागं पावलं वाजली. कुणीतरी आलं, बसलं. मग आणिक एक. मग दोघं-तिघं. तमाशा मोडला वाटतं, असं मनात म्हणून त्यानं आवाज जरा वाढवला. तार सोडता येईना.

माणसं येतच ऱ्हायली.

मग त्याच्या ध्यानात आलं. एवढी माणसं... आन् एक खोकला न्हाई. बिडीचा वास न्हाई. कुणी कुणाला "सरक की रं" म्हणत न्हाई.

त्यानं मान वळवली. थोडीच. डोक्यावरनं कांबळी घेऊन ओळीनं बसल्याली. थंडी मायंदाळ. भिताडाला टेकून आक्काचा डोळा लागल्याला, तिच्या तोंडातनं वाफ येत व्हती.

त्यांच्या न्हाई.

त्यानं मान फिरवली. तार घट्ट धरली. रेडिओ बोलत ऱ्हायला... बोलला... थांबला.

मागनं आवाज आला. हळू. थकल्याला.

"आमचं निरोप... कवा सांगत्याल?"

याकूबभाई तार धरून तसाच बसला.

किती येळ गेला, त्यालाच ठावं न्हाई. वळला तवा चावडी रिकामी. आक्का तेवढी, झोपल्याली. त्यानं वही न बघताच मिटली. तिला उठवून घरी पोचवली, आन् उजाडस्तवर अंगणात बसून ऱ्हायला.

सकाळी साहेब आला. वही उघडली, अंगठं मोजलं. वीस. "शाई तांबडी का रे?" म्हणाला. साहेबानं सही ठोकली, "राहू दे रेडिओ," म्हणाला आन् गेला.

आक्का पायरीवर बसून बघत व्हती. म्हणाली, "दाव बघू वही."

तिचा अंगठा निळ्या शाईचा. बाकीचं एकोणीस... शाई नव्हतीच ती. माती. तांबडी, वली. आपल्या शिवारात काळी माती, पोरांनो. तांबडी हितं बघाय मिळायची न्हाई; ती ब्रह्मदेशात, पलटणीतली पोरं सांगत्यात.

आक्का एकेका ठशावरनं बोट फिरवत गेली. एका ठशापाशी थांबली. मधोमध आडवी रेघ. कोरी.

"ह्यो चिरा... इळ्याचा," ती म्हणाली. "सात वर्साचा व्हता. उसात कापून घेतलं. म्याच हळद भरली व्हती."

याकूबभाई तिच्याकडं बघंना. ती रडली न्हाई. बोटाला लागल्याली माती तिनं पदराच्या टोकात बांधली, गाठ मारली, आन् उठली.

"याकूब, आज बी येळंवर लाव," ती म्हणाली. "आन् आवाज वाढव बाबा. लेकरं पार मागं बसत्यात."