ऊन खाली उतरेपर्यंत

कंदील असा मध्ये ठेव. आणि तो फोन हातातून सोडू नकोस, लावत राहा. बंद येतोय तर येऊ दे, तू लावत राहा. लागला की आधी मला दे.

मघाशी ओरडले, त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. तुझा काय दोष? तू चहा टाकायला उठलीस, लाइट गेली म्हणून कंदील लावलास, आणि मी विचारलं, माझा लेक एवढ्या पहाटे फोन का घेत नाही, तर हसत हसत सांगून टाकलंस. ‘आई, तुम्हाला सरप्राइज होतं. ऑफिसचं काम कालच संपलं त्याचं. आज तिथली सूर्योदयाची टूर घेतलीय, तुम्ही दोघं गेला होतात तीच. बाबांचा तो फोटो आहे ना, तसाच काढून आणणारे तुमच्यासाठी. त्याच दारात उभं राहून.’ तू आपली कौतुकाने सांगतेस, आणि मी तुझ्याच अंगावर ओरडले, फोन लाव म्हणून.

बस अशी जवळ. उजाडायला वेळ आहे अजून, तेवढ्यात सांगून होईल. मध्ये मध्ये विचारू नकोस, नाहीतर मी कुठल्या कुठे भरकटते, तुला ठाऊक आहे.

ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं, ते बरे झाले, आणि तुम्ही दोघांनी आम्हाला ती टूर भेट दिलीत. जाहिरातीत काय काय लिहिलं होतं! गर्दी नाही, रांग नाही, फक्त तुम्ही, तुमचा गाइड आणि उगवता सूर्य. मला मेलीला कसली हौस पहाटेची झोप मोडून दगडधोंडे बघायची! पण ह्यांना उजेडाचं वेड. सगळा जन्म त्या स्टुडिओत गेला. हनुवटी वर, खांदे सरळ, हसू नका. अख्ख्या गावाचे पासपोर्ट फोटो ह्यांनी काढले आणि घरात ह्यांचा स्वतःचा एक फोटो धड नाही. मी कॅमेरा धरला की म्हणायचे, राहू दे, माझं डोकं कापशील.

अंधारातच गाडी आली. गाइड बाई होती, पन्नाशीची, अंगावर जाड शाल, आवाज घोगरा. बोलायला मात्र पटाईत. वेशीची कमान कुणी बांधली, खांब कुठल्या डोंगरातून आणले, कुठल्या राणीने कुठल्या खिडकीतून उडी मारली, सगळं पाठ. हे खूश. डोक्यावर ती गोल टोपी, ऑपरेशननंतर डॉक्टरांनी उन्हात जपायला सांगितलं म्हणून घेतलेली. धुऊन धुऊन तिची डावीकडची कड वाकली होती. मी म्हटलं, अहो, अंधारात कसली टोपी? तर म्हणाले, सूर्याला भेटायला जायचं तर तयारीने जावं.

मग आम्ही शेवटच्या ठिकाणी पोचलो आणि ती बाई गप्प झाली.

मोठ्या बागेच्या टोकाला एक घुमट. आत एकच दालन, त्याला एकच दार, पूर्वेला. दारासमोर पलीकडच्या टोकाला गुळगुळीत दगडाचा चौथरा. आत पाऊल टाकलं आणि ओल्या दगडाचा वास आला, आणि त्याच्या मागून जुन्या बंद कपाटाचा असतो तसा. वर कुठेतरी कबुतरं पंख आवरत होती. तेवढाच आवाज. आपला श्वाससुद्धा मोठा वाटावा अशी ती जागा.

“कुणाचं थडगं हे?” ह्यांनी विचारलं.

“कुणाचंच नाही. ज्याच्यासाठी बांधलं, तो लढाईवर गेला तो परत आलाच नाही. दगड तयार होता. माणूस नव्हता.”

“म्हणजे रिकामंच?”

बाईने दाराला कमरेएवढ्या उंचीवर दोर बांधला आणि आम्हाला बाजूच्या भिंतीशी बसवलं. म्हणाली, “आता इथेच बसायचं. आधी ऊन त्या चौथऱ्यावर येईल. ते खाली फरशीवर उतरेपर्यंत दारात कुणी जायचं नाही.”

“का?”

“सावली पडते.”

“पडली तर?”

“आम्ही पडू देत नाही, साहेब.”

एवढं बोलून ती आमच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसली. शाल डोक्यावरून ओढून घेतली. मला वाटलं, असेल काही ह्यांची रीत.

मग उजेड आला. काय सांगू तुला, एवढं सुंदर मी काही बघितलं नाही. दाराची चौकट आधी राखाडी, मग लालसर, आणि मग एकदम सोनं. माझे डोळे भरून आले. आणि शेजारी बघते तर हे जागेवर नाहीत! दोराखालून वाकून पार दारात जाऊन उभे. मला खुणेने सांगतायत, फोन घे, चौथऱ्यापाशी जा.

“अहो, ती नको म्हणालीय ना...” मी कुजबुजले.

“अगं, असा उजेड परत मिळायचा नाही. जन्मभर दुसऱ्यांचे काढले. माझा एक काढ की.”

आता ह्याला नाही म्हणायचं तरी कसं? मी गेले चौथऱ्याशी आणि काढला. तोच फोटो, जो आपल्या शहाण्याला जुन्या फोनमध्ये सापडला आणि त्याने मोठा करून बैठकीत लावला. ह्यांचा एकुलता एक चांगला फोटो. दारात काळी आकृती, मागे सगळा सूर्य.

“झाला?” म्हणाले आणि बाजूला सरले.

ऊन सरळ आत आलं. आणि माझ्या शेजारी, चौथऱ्यावर, ती तशीच होती गं... सावली. खांदे सरळ, हनुवटी वर, आणि टोपीची ती वाकलेली कड. दारात कुणी नाही आणि दगडावर टोपी! मी दाराकडे बघितलं, पुन्हा दगडाकडे बघितलं. मग ऊन खाली फरशीवर उतरलं आणि ती दगडात मुरून गेली, कापडात पाणी मुरतं तशी. मी मनाला म्हटलं, सूर्याकडे टक लावून बघितलंस ना, डोळ्यांपुढे येतंच असं काहीतरी.

बाई वळली. तिने दोर बघितला, दोराच्या चुकीच्या बाजूला उभे असलेले हे बघितले, आणि मटकन खालीच बसली. ना रागावली, ना ओरडली.

बाहेर हिरवळीवर आमच्यासाठी खुर्च्या टाकल्या होत्या, थर्मासमध्ये चहा. ऊन कोवळं, छान. हे म्हणाले, “जरा गार वाटतंय नाही?” मी शाल द्यायला वळले आणि गवताकडे लक्ष गेलं. माझी सावली लांबच लांब पसरलेली. थर्मासची सावली. ह्यांच्या खुर्चीची सावली, चार पाय, पाठ, हात... आणि खुर्ची रिकामी.

हे खुर्चीत बसून चहात बिस्किट बुडवत होते.

मी त्या बाईला धरलं बाजूला. म्हटलं, हे काय आहे ते आत्ताच्या आत्ता सांग, नाहीतर तुझी धडगत नाही. ती खाली बघून बोलत राहिली. “त्या दगडाला जागा रिकामी राहिलेली चालत नाही, बाई. सावली लागते. एक राहतेच तिथे. दुसऱ्या कुणाची तिच्यावर पडली, की पहिली सुटते.”

“सुटते म्हणजे?”

“घरी जाते म्हणतात. माणूस असला तर त्याच्यापाशी. नसला तरी... घरी.”

“मग ह्यांच्या आधी कुणाची होती?”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा रडका नव्हता, अजिबात नव्हता. “माझ्या नवऱ्याची,” म्हणाली. “तोही गाइडच. पर्यटकांना दाखवायला उभा राहिला होता, काही होत नाही म्हणून. दोन हिवाळे काढले त्याने कसेबसे. मी उभी राहणार होते त्याच्या जागी, पण पोरं लहान होती.” आणि मग म्हणाली, “मला घरी जाऊ द्या, बाई. आज तो आला असेल.” तिने आम्हाला ड्रायव्हरच्या स्वाधीन केलं आणि निघाली. धावतच गेली म्हण ना.

तिने पाठ मुद्दाम फिरवली होती का गं? मी किती रात्री ह्याचा विचार केलाय. शिव्या द्याव्यात तर तिच्या जागी मीच दिसते मला.

काय? काय म्हणालीस? तिकडे आपल्याआधी उजाडतं?

हो... हो गं. पूर्वेला आहे ना ते. लाव. लाव परत.

ह्यांना मी त्याच रात्री सांगितलं. हसतील वाटलं होतं, हसले नाहीत. हॉटेलच्या दिव्याखाली स्वतःचा हात धरून बसले, टेबलावर त्याची सावली शोधत राहिले. मी म्हटलं, उद्या पहाटे मी जाते, उभी राहते, काय व्हायचं ते होवो. तर तुला आठवतं ना, ते नाही म्हणायचे कसे? तोंडाने नाही. मान आधी डावीकडे, मग उजवीकडे, सावकाश, जशी काही दुखतेय. तशी हलवली. म्हणाले, “तुझी गहाण टाकून माझी सोडवायची? हा धंदा मला जमायचा नाही.” आणि मला लेकाच्या गळ्याची शप्पथ घातली, की तू तिथे पाऊल ठेवणार नाहीस, आणि कुणाला सांगणारही नाहीस. ह्याच्या गळ्याची शप्पथ! जो आज तिथे गेलाय.

पुढचं तू बघितलंसच. भर उन्हाळ्यात दोन स्वेटर. तू म्हणायचीस, बाबांना एकदा दाखवून आणू या. दाखवलं की! सगळे रिपोर्ट चांगले. डॉक्टर म्हणायचे, मनाचं आहे. तुम्हा कुणाला कळलं नाही, कारण कोण बघतं कुणाच्या सावलीकडे? भिंतीला धरून चालायचे, झाडाखाली थांबायचे. त्या दिवशी गच्चीत उन्हात आरामखुर्चीत बसले ते बसलेच. तुम्ही सगळे त्यांच्याकडे धावलात. मी खाली बघत होते. खुर्चीची सावली होती, शालीची होती.

नंतर एकदा न राहवून त्या बाईला फोन केला होता. म्हणाली, “आहे. रोज येते. टोपीसकट.” मी फोन ठेवला आणि पोटभर रडले. वेडेपणा बघ, मला हेवा वाटला तिचा. रोज बघायला मिळतात तिला ते.

म्हणून सांगते, आपला शहाणा तिथे बसेल, ऊन चौथऱ्यावर येईल, आणि त्याला बाप दिसेल. दिसल्यावर तो बसून राहील का? तू सांग. मी तर नसते राहिले.

वाजला! दे. दे इकडे!

हॅलो? अरे, कुठे आहेस तू? आधी ऐक, त्या दारात... काय?

काढला?

कधी... आत्ताच. बरं.

नाही रे राजा, ओरडत नाहीये. छान आलाय ना? दोर नव्हता का रे तिथे... नव्हता. आणि गाइड? बाई नाही? नवीन माणूस... त्यानेच उभं केलं? हं. हो, त्याला तरी काय माहीत.

काय दिसलं म्हणालास? टोपी... हो. हो रे, बाबांचीच. रडू नकोस. तू आता कुठे आहेस? बाहेर? हिरवळीवर? ऊन आहे ना छान?

मग थंडी कशाने वाजतेय?

ऐक माझं. स्वेटर घाल आणि हॉटेलवर जाऊन झोप. कुठे हलू नकोस. खाली बघू नकोस... काही नाही, असंच म्हटलं. आज रात्रीपर्यंत मी पोचतेय तिकडे. का म्हणजे? मला बघायचाय सूर्योदय. आईला बघावासा वाटू नये? ठेव. ठेव आता.

अगं, रडतेस काय, माझी बॅग काढ. ती लहान... काय झालं? माझ्या मागे काय बघतेस अशी?

थांब. हलू नकोस. कंदील आहे तिथेच राहू दे.

ही भिंतीवरची तुझी. ही माझी, अंबाडा दिसतोय बघ. आणि ती मधली...

घाबरू नकोस. ती डावीकडची कड मी शिवायला घेतली होती, राहून गेली.

आलात? किती वाट बघायला लावलीत! आणि आलात ते कुणाच्या बदल्यात आलात हो... बसा. तुमच्या घरी आलात, बसा. पण ती मान हलवू नका. नाही, अजिबात नाही. ज्याच्या गळ्याची शप्पथ घातलीत, तोच उन्हात कुडकुडत बसलाय तिकडे. आता कसली शप्पथ?

अजून हलवतायत. दिसतंय ना तुलाही? डावीकडे... उजवीकडे...

सूनबाई, कंदील मालव.