पद्माबाईंचे एकेचाळीस आवाज

कनेरगाव नाक्यावर ढाब्यांची रांग संपते तिथून आत वळलं की ग्यानोबा गुरुजींचं घर. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, दारात कडुनिंब. गुरुजींनी तीस वर्षं शाळेत शिकवलं आणि तीस वर्षं एकच गोष्ट गावाच्या कानीकपाळी ओरडून सांगितली, की भूत-बीत काही नसतं, पोरांनो. अंगात आलेल्या बाईलाही हा माणूस पाणी पाजून, समजावून घरी पोचवायचा. म्हणून तर हे सांगताना माझी जीभ अडखळते. दुसऱ्या कुणाच्या घरी घडलं असतं तर मीच हसून सोडून दिलं असतं.

गुरुजींचा मुलगा धम्मदीप पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करायचा. आई, पद्माबाई, मागच्या मे महिन्यात गेली. बापाला एकटं सोडवेना, म्हणून लॅपटॉप उचलून तो इकडंच राहायला आला. हे घडलं त्या रविवारी पद्माबाईंचं पुण्यानुमोदन, म्हणजे पहिल्या वर्षाचा स्मृतिदिन, होता. पद्माबाई भीमगीतं म्हणायच्या, अन् काय म्हणायच्या! धम्मदीप पुण्यात होता तेव्हा त्या फोनवर त्याला आवाज पाठवायच्या. कधी गाणं, कधी नुसतं 'जेवला का रे दीपू'. अशी एकेचाळीस रेकॉर्डिंगं. विहारातल्या बायांनी ठरवलं होतं की संध्याकाळी पाचला गाणी म्हणत गुरुजींच्या घरी यायचं, पद्माबाईंचा आवाज वाजतगाजत विहारात न्यायचा आणि तिथं सगळ्यांनी बसून ऐकायचा.

तो आवाज होता फक्त त्या लॅपटॉपात. जुना फोन कधीच बिघडला होता. सगळ्या दुनियेला दोन-दोन प्रती ठेवा म्हणून बजावणारा हा शहाणा स्वतःच्या आईचा आवाज मात्र एकाच जागी ठेवून बसला होता! गुरुजी रोज जेवल्यावर त्यातलं एक ऐकायचे. एकच. पुरवून पुरवून.

दुपारचे दोन वाजले होते. बाहेर ऊन नुसतं पेटलं होतं, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. कंपनीला सोमवारी काम द्यायचं होतं, म्हणून धम्मदीप पडवीत लॅपटॉप घेऊन बसलेला.

"आज बी काम करून राहिलास?" गुरुजी म्हणाले.

"थोडंच हाय, बाबा. फायली साफ करायचं अवजार बनवलंय. झाडणी नाव ठेवलंय त्याचं. काळ्या पडद्यावर हुकूम लिहायचा, की ती सगळ्या फायली तपासती. दोन एकसारख्या सापडल्या की नवी ठेवती, जुनी पुसून टाकती."

"अन् भलतीच पुसली मंग?"

"म्हणून तर व्हर्च्युअल मशीन लावून राहिलो. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, खोटा कॉम्प्युटर. बिघडलं तर त्याच्यात बिघडंल, आपल्याला तकलीफ न्हाई."

गुरुजी मान हलवत आत जाऊन आडवे झाले.

धम्मदीपनं मशीन उभी केली. तपासणीपुरत्या दोनशे फायली आत टाकल्या, एकही दुसरीसारखी नाही. मशीन उघडली की झाडणी आपोआप चालू होईल अशी सोय केली. मग मशीनची ती कोरी अवस्था साठवून ठेवली. ही या लोकांची कामाची रीतच आहे. आत कितीही राडा होऊ दे, एक बटण दाबलं की सगळं पुसून पुन्हा पहिल्यासारखं कोरं.

मशीन उघडली. झाडणीनं उत्तर दिलं: फायली दोनशे एक.

त्यानं पुन्हा मोजलं. दोनशे एक. ती जास्तीची फाईल आवाजाची होती, आजच्याच तारखेची, आत्ताच्याच वेळेची. त्यानं ती वाजवली. आधी नुसती खरखर. मग बंद कोठीत कुणी सरकावं तसा आवाज आला. आणि मग, अगदी जवळून...

"कुनी हाय का रं... तिकडं?"

आईचा आवाज. धम्मदीपला एकेचाळीसच्या एकेचाळीस रेकॉर्डिंगं पाठ होती. हे त्यांत नव्हतं.

कुठून तरी चुकून आलं असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं आणि बटण दाबलं. मशीन कोरी झाली. पुन्हा उघडली. फायली दोनशे एक. लॅपटॉपच्या जाळीतून गरम वारा येत होता आणि त्याला जुन्या ज्वारीसारखा कोंदट वास होता. त्यानं ती फाईल पुन्हा वाजवली.

"अवं... ऐकू येतं का तुमाला?"

मागं भांडं पडलं. गुरुजी दारात उभे होते, पाण्याचा तांब्या पायाशी घरंगळत होता.

"हे जुनं असंल," ते म्हणाले. "कुठंतरी ऱ्हायलं असंल."

"बाबा, मशीन कोरी हाय. आत्ता माझ्या हातानं पुसली."

गुरुजी भिंतीला धरून खाली बसले. मग म्हणाले, "पुसू नको दीपू. तीस वर्षं लोकायला शहाणपण सांगितलं. मला एक दिवस येडं होऊ दे. तिला भायेर काढ."

आता ऐका, इथं चूक झाली. मशीनच्या आतलं काही बाहेर आणायचं तर बाहेरचा एखादा फोल्डर मशीनला जोडावा लागतो. पुण्यात कुणा नवख्यानं खरा फोल्डर जोडला असता तर धम्मदीपनंच त्याला फैलावर घेतलं असतं. रिकामा फोल्डर जोडायचा, हे त्याला झोपेतही माहीत. पण बाप समोर लेकरासारखा रडत होता, आणि पडद्यावर आईच्या रेकॉर्डिंगांचा फोल्डर उघडाच होता. त्यानं तोच जोडला. जोडणी लागू व्हायला मशीन बंद करून पुन्हा उघडावी लागते. त्यानं उघडली. आणि मशीन उघडली की झाडणी आपोआप चालते, हे तो विसरला.

काळ्या पडद्यावर ओळी भराभर वर सरकल्या.

एकसारख्या सापडल्या: ४१. जुन्या पुसल्या: ४१.

"माय गं..." त्याच्या तोंडून निघालं. बाहेरचा फोल्डर उघडून पाहिला तर आत काही नाही. जे एका वर्षापासून जपलं होतं ते दोन सेकंदांत गेलं. एकेचाळीस आवाज आता फक्त मशीनच्या आत होते. ते तिथं कुणी ठेवले होते? त्यानं ठेवले नव्हते, एवढं मात्र खरं. आणि आता ते कोरं करायचं बटण दाबायची सोय राहिली नव्हती. दाबलं की माय गेली.

"आत तर हाय ना?" गुरुजींनी विचारलं. "आत हाय ना रे ती?"

धम्मदीपनं काही दाबलं नव्हतं. तरी खरखर सुरू झाली. पद्माबाई यावेळी कुजबुजत होत्या, पदर तोंडाशी धरून बोलाव्यात तशा.

"अवं... बोलू नका. तुमी काहीच बोलू नका. हे ऐकून राहिलंय... जे बोलाल ते इकडं येतंय... अन् तिकडचं..."

आवाज मधेच तुटला.

पण सांगा, वर्षानं बायकोचा नवा शब्द ऐकलेला माणूस गप्प बसेल का? गुरुजी लॅपटॉपवर वाकले. "पद्मे, कुठं हाईस गं तू? तुला काही..."

पडद्यावर एक ओळ उमटली.

एकसारख्या सापडल्या: १. जुन्या पुसल्या: १.

गुरुजींचे ओठ हलतच होते. गळ्याची शीर ताठ झाली होती, तोंड पुरतं उघडलं होतं. पडवीत मात्र नुसता पंखा फिरल्याचा आवाज. त्यांनी स्वतःच्या गळ्याला हात लावून पाहिला, मग मुलाकडं पाहिलं. असं घाबरलेलं तोंड धम्मदीपनं बापाचं कधीच पाहिलं नव्हतं.

त्याचा हात बंद करायच्या बटणाकडं गेला. गुरुजींनी मनगट पकडलं. डोळ्यांत पाणी, मान जोरजोरात नकारार्थी हलत होती. आत ती होती. आता तेही आत होते.

"बाबा, सोडा," धम्मदीप म्हणाला.

म्हणाला खरा, पण ते त्याला समोरून ऐकू आलं, लॅपटॉपातून. त्याच्याच आवाजात. आणि त्यामागं पद्माबाईंचा दमलेला आवाज.

"आला का रे... तू बी?"

दोघं किती वेळ तसेच बसून होते, त्यांचं त्यांनाही सांगता आलं नाही. भानावर आले ते गाण्यानं. पाच वाजले होते. गल्लीच्या तोंडाशी बाया आल्या होत्या, पांढऱ्या साड्या नेसून, टाळ्या वाजवत. सगळ्यांपुढं सूर धरणाऱ्या जिवनबाई. पद्माबाईंचं आवडतं गाणं, वर्षभरानं पहिल्यांदा गल्लीत घुमत होतं.

धम्मदीप अनवाणी अंगणात धावला. दोन्ही हात वर करून हलवले, तोंडावर बोट ठेवलं, हात जोडले. बायांना वाटलं, पोरगं आईच्या आठवणीनं कासावीस झालंय. जिवनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी सूर आणखी चढवला. मागून गुरुजी आले, तेही हात हलवत. बाया गातच पुढं आल्या, कडुनिंबाखालून अंगणात शिरल्या.

आणि गल्लीतलं गाणं थांबलं.

म्हणजे बाया थांबल्या नव्हत्या. ओठ हलत होते, टाळ्या वाजत होत्या, नाक्यावर ट्रकचा हॉर्न वाजला तोही ऐकू आला. गाणंही चालूच होतं, एक सूर न चुकता. ते फक्त मागून, पडवीतून येत होतं. सगळ्यात आधी जिवनबाईंच्या टाळ्या थांबल्या.

हे सगळं मला धम्मदीपनं वहीत लिहून दाखवलं. लॅपटॉप बंद पडू नये म्हणून त्यांनी दोन बॅटऱ्या आणून ठेवल्यात. त्या दिवशी अंगणात किती बाया होत्या, ते मी जिवनबाईंनाही विचारलं. त्यांनी आठवून आठवून नावं लिहिली. सतरा भरली. मग खाली त्यांनी आणखी एक नाव लिहिलं, कारण पडवीतून येणाऱ्या गाण्यात तो सूरही त्यांनी ओळखला होता: पद्माबाई.

पडद्यावरची ओळ अजून तशीच आहे. एकसारख्या सापडल्या: १८. जुन्या पुसल्या: १७.