राजलच्या बापाला कुणी विचारलं?

शहाद्याच्या बसस्टँडवर मी मरायची तालीम करत होते.

नवरात्र नुकतं संपलं होतं, ऊन मी म्हणत होतं आणि आमच्या गावची बस नेहमीसारखी बेपत्ता होती. तेवढ्या वेळात पाठांतर करावं म्हणून मी डोळे मिटून पुटपुटत होते, "हरभान, तुझ्या घोड्यानं पुरात उडी घेतली... मग मी काठावर कशाला राहू—"

"माफ करा... पण घोडा असं करणार नाही."

मी डोळे उघडले. शेजारी एक उंच, सावळा मुलगा मांडीवर लसींचा बर्फाचा डबा घेऊन बसला होता.

"काय म्हणालात?"

"पुरात उडी. घोडा आधी पाणी हुंगतो, कान मागे टाकतो, पाय रोवतो. त्याला जिवाची काळजी असते."

"आणि तुम्ही कोण? घोडा?"

"घोड्यांचा डॉक्टर." तो हसला. "खरं म्हणजे म्हशींचाच जास्त. भूपेश गिरासे."

बस आली. मी चढले. खिडकीतून पाहिलं तर हा पठ्ठ्या कान मागे टाकलेल्या घोड्याची नक्कल करून दाखवत होता! मला हसू आवरेना. मरणाच्या प्रवेशाचं त्या दिवशी वाटोळंच झालं.

राजल-हरभानचं नाटक आमच्या गावात सारंगखेड्याच्या यात्रेच्या दिवसांत होतं, माझ्या आजोबांच्या आधीपासून. राजल नावाड्याची लेक. हरभान घोडेवाल्याचा मुलगा. जात वेगळी, गाव वेगळं, मधे तापी. बाप राजलचं लग्न दुसरीकडे ठरवतो, हरभान तिला न्यायला भर पुरात घोडा घालतो आणि बुडतो. मग राजलही त्याच्यामागे जाते. दरवर्षी सगळं गाव रडतं आणि दुसऱ्या दिवशी घोडे बघायला यात्रेत जातं. यंदा राजल मी होते.

भूपेशची आणि माझी बस एकच नव्हती, पण वेळ मात्र एकच होऊ लागली. कशी, ते मला विचारू नका. मी बी.एड.च्या कॉलेजातून निघायची, तो दवाखान्यातून. स्टँडसमोरच्या टपरीवर दोन चहा आणि मधे राजल-हरभान.

"हरभाननं उडी का मारली?" मी विचारायची.

"प्रेमापोटी."

"चूक."

"मग?"

"भीतीपोटी. राजलच्या बापासमोर बसून 'तुमची मुलगी मला द्या' म्हणणं त्याला जमलं नाही. त्यापेक्षा नदी सोपी वाटली."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चहावर साय धरली तरी बघतच राहिला.

"काय बघताय?"

"काही नाही... हरभानची अडचण समजून घेतोय."

माझे कान तापले. त्या दिवशी बसमध्ये मी आमचं गाव सोडून पुढच्या थांब्यावर उतरले आणि उसाच्या ट्रॉल्यांची धूळ खात चालत परत आले. घरी सांगितलं, बसवाल्यानं थांबवलीच नाही.

आता खरं सांगायचं तर मी प्रेमात पडले होते. पण मी गुजर समाजातली, तो गिरासे राजपूत. आमच्याकडे सोयरीक ठरते ती गुजरांच्या घरांत, तापीच्या या काठावर नाहीतर त्या. आणि ती ठरवायला माझे वडील, बापू, बसले की भलेभले गप्प होतात. यात्रेत घोडीचा सौदा करायलाही लोक बापूंना घेऊन जातात. तो सौदा तोंडानं होत नाही. खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकायचा आणि आत बोटं धरून भाव सांगायचा. चारचौघांना काही कळत नाही. बापूंच्या चेहऱ्यावरून तर घोडीलाही कळत नाही.

मार्गशीर्ष लागला आणि सुरतेचं स्थळ आलं. येत्या रविवारी ते लोक मला बघायला येणार होते. माझी आई, रंजनाबाई, डबे घासून लाडवांच्या तयारीला लागली.

मी भूपेशला टपरीवर सांगितलं. त्यानं ग्लास खाली ठेवला. मग मान खाली घालून म्हणाला, "मी बदली मागून घेतो, मोहिनी. नवापूरला जागा आहे. तुझ्या वाटेत यायचं नाही मला... तू सुखी राहा—"

मी ग्लास इतक्या जोरात आपटला की टपरीवाला दचकला. मी चिडले की माझी मराठी सुटते आणि घरची अहिराणी येते.

"वा! हाई पुरम्हा उडीच शे! माले इचारं का तू? मन्हा बापले इचारं का?"

"ते नाही म्हणतील."

"म्हनतीन तं म्हनतीन! पन त्यासले नही म्हनाना मोका तं दे!"

 मग मीच थबकले. कारण बोलता बोलता मला माझंच कळलं होतं. राजल तरी कुठे बोलली होती घरी? आणि मी तरी? दोन महिने हरभानला नावं ठेवत होते आणि घरी तोंडात मूग धरून बसले होते.

"उद्या यात्रेत ये," मी म्हटलं. "घोड्यांच्या बाजारात. आधी मी बापूंना सांगते. मग तू बोल."

"आणि ते चिडले तर?"

"चिडले तर चिडले. पण आपण बुडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सारंगखेड्यात धुकं आणि धूळ एकत्रच उडत होती. घुंगरं वाजत होती, शेंगा भाजल्याचा वास होता. बापू एका पांढऱ्या घोडीचे दात बघत होते.

"बापू," मी म्हटलं.  "मला एक मुलगा आवडतो. गिरासे आहे. जनावरांचा डॉक्टर आहे. मला त्याच्याशीच लग्न करायचंय."

बापूंनी घोडीचं तोंड सोडलं. हात पुसले.  मग भलतंच विचारलं.

"राजलना बापना परवेस येस ना नाटकम्हा... मी तव्हय उठीसन बाहेर जास. ठाऊक शे ना?"

ठाऊक होतं. दरवर्षी ते उठायचे. मला वाटायचं, विडी ओढायला.

"माले ते देखावत नही. समदं गाव त्याले शिव्या देस. पन त्या बापले कोनी इचारं का कधी? ना आंडेरनी, ना पोऱ्यानी. तो हा म्हनता का नही म्हनता, कोनले ठाऊक?"

आंडेर म्हणजे लेक. राजलही, आणि मीही. इतकी वर्षं मी राजल समजून घेत होते, हरभान समजून घेत होते. तो म्हातारा नावाडी माझ्या डोक्यातही आला नव्हता.

"तू इचारं," बापू म्हणाले. "आते त्याले बलाव."

भूपेश आला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, चेहरा मात्र पांढऱ्या घोडीपेक्षा पांढरा. त्यानं वाकून नमस्कार केला. भोवती दहा-बारा व्यापारी उभे होते. बापूंनी खांद्यावरचा रुमाल काढला, आपल्या उजव्या हातावर टाकला आणि हात पुढे केला.

"बोल."

 भूपेशनं रुमालाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात पुढे केला... आणि हळूच तो रुमाल उचलून, घडी घालून बापूंच्या खांद्यावर परत ठेवला.

"काका, हे रुमालाखाली बोलायचं नाही." आवाज सगळ्यांना ऐकू जाईल एवढा मोठा होता. "मला मोहिनी आवडते. तुमची मुलगी मला द्या. तुम्ही नाही म्हणालात तरी मी पळून जाणार नाही, आणि तिला पळवणारही नाही. उद्या परत येईन विचारायला. परवाही येईन."

व्यापारी बापूंच्या तोंडाकडे बघू लागले. घोडीनं तेवढी मान झटकली.

बापूंच्या चेहऱ्यावरून नेहमीसारखंच काही कळत नव्हतं. त्यांनी रुमाल चाचपला.

"रुमालखाले बोलना असता," ते सावकाश म्हणाले, "तं तुले घोडी दिधी असती. आंडेर नही."

बापू हो म्हणाले होते, हे मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा भूपेश डोळे पुसत होता आणि बापू घोडीकडे वळले होते, कारण त्यांचेही डोळे पुसायचे होते.

"सुरतवालासले मी सांगस. तुन्ही मायले तूच सांग," पाठमोरेच ते मला म्हणाले. मग भूपेशला, "डाक्टर! उभा काय शे? हाई घोडीना दात देख. हाऊ यापारी माले फसाडी ऱ्हायना."

त्या संध्याकाळी नाटकात मी राजल होऊन मेले. गाव रडलं. बापाचा प्रवेश आला तेव्हा मी पडद्याआडून पाहिलं. पहिल्या रांगेत बापू बसले होते, शेजारी भूपेश. उठले नाहीत.